निवलेली वाट

त्या माळावर ससे तीनशे होते, झरा एकच होता आणि कोल्हाही एकच. झऱ्याकडे सहा वाटा जात. रोज उजाडताना कोल्हा त्यांतल्या एखाद्या वाटेवर दबा धरून बसे, आणि रोज एकेका बिळातला ससा पाळीनं पाण्याचा भोपळा घेऊन निघे.

कोणत्या वाटेनं जायचं ते भुरकोजी सांगे. हा म्हातारा ससा खडे मांडायचा. एका सपाट दगडावर सहा वाटांच्या सहा ओळी. जिथं कोल्ह्याचे ठसे सापडत त्या ओळीत एक खडा. कोल्हा नुकताच बसून गेला ती वाट निवली, असा माळाचा कायदा होता. जिथं तो महिनाभर फिरकला नाही ती वाट तापलेली, तिकडे पाऊल टाकायचं नाही. निवलेल्या वाटेनं गेलेला ससा बहुतेक वेळा भरला भोपळा घेऊन परत येई. मग काय, भुरकोजीचा थाट विचारू नका, कोवळ्या हरळीचा पहिला घास त्याचा. एखादा ससा नाहीच आला, तर ऐनवेळी गडबडून भलत्या वाटेला लागला असणार, असं म्हणून सगळे आपापल्या बिळात जात. भुरकोजीही तेच म्हणे. मनापासून म्हणे, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

एके दिवशी पाळी त्याच्याच बिळावर आली. त्याचा गुडघा धरला होता, म्हणून भोपळा त्याची बायको लव्हाळी हिनं उचलला.

"परवा उंबराची वाट, काल उंबराची वाट," भुरकोजी म्हणाला. "इतकी गार वाट वर्षात मिळाली नव्हती. डोळे मिटून जा."

"आणि आजही तिथंच बसला तर?"

"सलग तीनदा? तुझं आपलं काहीतरीच."

"अहो, पण काल कुठं बसलो ते त्याला आठवतं का?"

"त्याला नसेल आठवत. माझ्या खड्यांना आठवतं ना."

लव्हाळी हसली आणि निघाली. तिच्या पाठीमागे तो प्रश्न मात्र कुसळासारखा भुरकोजीच्या अंगात रुतून बसला. इतकी वर्षं त्यानं कोल्ह्याचे ठसे मोजले होते, कोल्हा वाट निवडतो कसा ते कधी पाहिलं नव्हतं. दुखरा गुडघा ओढत तो टेकाडावर चढला.

खाली एका शिळेपाशी कोल्हा जांभया देत बसला होता. त्याच्यापुढे हाडाचा एक फासा होता, सहा बाजूंना ठिपके कोरलेला. ते हाड सशाचं आहे हे ओळखायला भुरकोजीला वेळ लागला नाही. कोल्ह्यानं फासा फेकला. तो घरंगळला, थांबला. कोल्ह्यानं ठिपके पाहिले, आळस दिला आणि उंबराच्या वाटेला लागला. काल कुठं, परवा कुठं, याची त्याला काही पडलीच नव्हती.

भुरकोजीनं मागचा पाय जमिनीवर आपटायला सुरुवात केली, पुन्हा पुन्हा, गुडघा फुटतो की काय अशी कळ येईपर्यंत. उंबरापाशी पोचलेल्या लव्हाळीनं ती धोक्याची धडधड ऐकली, भोपळा टाकला आणि ती मागे पळाली. कोल्ह्याला तिथं फुटका भोपळा तेवढा मिळाला.

ती धापा टाकत बिळात परतली. "मीच तुला मरायला धाडलं होतं," भुरकोजी म्हणाला आणि रडला. मग त्यानं सगळ्यांना दगडाभोवती जमवून फाशाची गोष्ट सांगितली. त्यानं काही लपवलं नाही, गेलेल्यांची नावंसुद्धा घेतली.

सशांनी शांतपणे ऐकून घेतलं. दिवसभर कुणाच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता. शेवटी पिंगळोजी नावाचा तरणा ससा पुढे आला. "म्हणजे उंबरावर सलग तीनदा," तो म्हणाला. त्यानं उंबराच्या ओळीत तिसरा खडा ठेवला. "उद्या तिथं तो येणं शक्यच नाही. मग एकट्यानं कशाला जायचं?"

दुसऱ्या दिवशी पाळी कुणी मोजलीच नाही. उजाडायच्या आत सगळा माळ उंबराच्या वाटेवर लोटला. ज्याच्या त्याच्या हातात भोपळा, पिल्लं कडेवर. भुरकोजी वाटेत आडवा उभा राहिला, पाय आपटत राहिला. म्हाताऱ्याला बायकोच्या धसक्यानं चळ लागला, असं कुणीतरी हळहळून म्हणालं आणि रांग त्याला वळसा घालून पुढे गेली.

टेकाडापलीकडे शिळेवर हाड खडखडलं. भुरकोजीसोबत मागे राहिलेल्या लव्हाळीचे कान उभे राहिले, भुरकोजीचेही राहिले. रांगेत पाणी किती आणायचं याची चर्चा चालली होती, आणि हाड अजून घरंगळत होतं.