तहानेचा प्रश्न

“…आणि तहानेचा त्रास? अजिबात नाही, थोडा, बराच, की असह्य?”

मठातले मुरलीधरबाबा हसले. “सकाळचं सांगू, की दुपारचं?”

“एकूण, बाबा. गेल्या महिन्यातलं.”

“एकूण तहान मला कधी लागली नाही.”

डॉ. रमाकांत ठोसरांनी पेन खाली ठेवलं. डायलिसिसवरच्या माणसाचं जगणं कितपत जगण्यासारखं उरतं, ते मोजायची ही प्रश्नावली त्यांनीच तयार केली होती. शेकडो आजाऱ्यांना ती विचारली, त्यावर ग्रंथ लिहिला, सत्कार झाले. बाबाही दिवसाआड तालुक्याला जाऊन मशीनवर पडत. पण डॉक्टर आज आले होते ते ग्रंथासाठी नाही.

“बाबा, माझी बायको, नलिनी, सोमवारपासून मशीनवर जाणार नाही म्हणते.”

“सोडलं तर काय होतं, ठाऊक आहे त्यांना?”

“मीच सांगितलं. सगळं कळतं तिला.”

“मग?”

“मी तिला हेच प्रश्न विचारले. झोप, ताकद, अंगाची खाज, दुखणं… तिचे गुण वाईट नाहीत, बाबा. पुष्कळांपेक्षा चांगले आहेत. तिला दाखवलेसुद्धा.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, छान. फ्रेम करून लावा.”



ऊन कडक होतं. डॉक्टर फाट्यापासून चालत आले होते, बोलताना त्यांचा घसा खरखरत होता. बाबांनी शेजारच्या स्टुलावरच्या पेल्याचं झाकण काढलं आणि पेला पुढं सरकवला.

डॉक्टरांनी तो उचलला आणि एका दमात रिकामा केला.

पाणी उतरत होतं तोवर बाबा त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. जेवणाऱ्या लेकराकडे बघावं तसं.

“मी कुठं कमी पडलो, सांगा,” डॉक्टर म्हणाले. “तिला पाणी मोजूनच प्यावं लागतं, तहान आठवू नये म्हणून माठ मागच्या पडवीत नेला. पाहुणेसुद्धा तिकडे जाऊन पाणी पितात. जेवायला मी वेगळा बसतो, जेवताना पाणी लागतं म्हणून. तिच्या नजरेला थेंब पडू देत नाही… आणखी काय करायचं माणसानं?”

तेवढ्यात बाबांची सेवा करणाऱ्या अंबिकाबाई आत आल्या. त्यांनी पेला उचलून पाहिला.

“बाबा, हे तुमचं संध्याकाळपर्यंतचं पाणी होतं.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हातातले कागद त्यांनी उगाच सारखे केले.

“बाबा… अडवलं का नाही मला?”

बाबांनी पेल्याचं झाकण अंबिकाबाईंच्या हातात दिलं.

“आयुष्यभर हेच विचारत आलो. आणि समोर पेला होता तर…” डॉक्टरांनी कागद घडी करून बाजूला ठेवले.

अंबिकाबाई पेला घेऊन बाहेर गेल्या. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. माठापाशी जाऊन त्यांनी एकदा खोलीकडे पाहिलं. मग पाठ फिरवली, पदर आडवा धरला आणि घाईघाईनं पाणी प्यायल्या.

डॉक्टरांनी ते पाहिलं. बाबांनी नजर आधीच दुसरीकडे वळवली होती.



“रागावलात का, बाबा?”

“नाही हो…” बाबा म्हणाले. “किती दिवसांनी कुणी माझ्यासमोर पाणी प्यालं.”