साहेबाचं दही

"मला मराठी येतं. मोडलेलं हाड बसवता येतं. दात असा काढतो, की दात हातात दिला तरी माणूस विचारतो, 'कधी काढणार?' घोडा येतो, शिवण येतं, पाव भाजता येतो. मला येत नाही असं एक काही दाखवा, बाबा."

एवढं बोलून अंतासाहेब दमला. आपल्याच बुटांकडे बघत हळूच म्हणाला,

"माणसं तेवढी येत नाहीत."

बुढणशा फकीर पिराच्या ओट्यावर गोधडी शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. नुसता सुई-दोरा पुढं केला.

"ओवून दे."

"आपल्याला दिसत नाही का?"

"दिसतं. पण तू रिकामा दिसतोस."

आता, अंतासाहेब म्हणजे आपल्याकडचा कुणी अंताजीपंत नव्हे. नॉर्वे नावाच्या कुठल्याशा थंडगार मुलखातून बोटीनं, आगगाडीनं आणि शेवटी बैलांच्या मर्जीनं निंबखेड्यात येऊन पडलेला हा कोवळा पाद्री. खरं नाव अँडर्स. ते गावाच्या तोंडात बसेना, म्हणून गावानं आपल्या मापानं कापून घेतलं. खानदेशच्या उन्हानं त्याच्या नाकाची रोज नवी साल निघायची, आणि बाजारातल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, "बघ गं, कांदा आला."

गावाच्या कडेला एक घर घेऊन त्यानं त्यातच बिऱ्हाड आणि दवाखाना मांडला होता. बाटल्या पुसल्या, बाक टाकला, दार सताड उघडलं. दारातून वारा आला, कुत्रं आलं, उखर्डू पाटलाची म्हैस डोकावून गेली. माणूस काही आला नाही.

आणि येत्या बाजाराला थोरला पाद्री तपासायला येणार होता. तो कडक. दवाखाना ओस दिसला तर कुलूप घालीन आणि तुला परत बोटीत बसवीन, असं त्यानं आधीच बजावलं होतं. अंतासाहेबाला परत जायचं नव्हतं. बापाशी भांडून आला होता तो. आईला म्हणाला होता, तिथं मी कुणाच्या तरी उपयोगी पडेन. म्हशीशिवाय कुणी फिरकलं नाही, हे त्या माउलीला कुठल्या तोंडानं सांगणार?

त्यानं सुईत दोरा ओवला. फकिरानं टाका घातला.

"गावाकडून तुला काय लागतं?"

"काही नाही."

"पीठ?"

"आणलं आहे."

"मीठ?"

"आणलं आहे. तेल, आगपेटी, सुई, दोरा, सगळं पेटीत आहे. मी घ्यायला नाही आलो, बाबा. द्यायला आलो. माझा कुणाला काडीचा भार नाही."

"दूध?"

"शेळी पाळली आहे."

"वा. म्हणजे देवानं तुझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही."

अंतासाहेबाला हे कौतुक वाटलं. बिचारा नवीन होता.

फकिरानं दोरा दातानं तोडला.

"मला एक वाटी दही खाऊ घाल. तुझ्या घरचं. तुझ्या हातानं लावलेलं. मग मी तुझ्या दवाखान्यात येऊन बसतो. मी बसलो की गाव येईल. म्हातारा मेला की काय, हे बघायला तरी येईल."

"एवढंच?"

"एवढंच."

साहेब शीळ घालत घरी गेला. त्याचा बाप घड्याळं विकायचा. दही त्याला ठाऊक होतं ते ताटात आलेलं.

सकाळी तो लोटा घेऊन हजर. दूध रात्रभर उघडं ठेवलं होतं. फकिरानं वास घेतला आणि लोटा कावळ्यापुढं सरकवला. कावळा एकदा वाकला आणि उडून पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिंबू पिळून आणलं.

"हे फाटलेलं दूध."

"घट्ट तर आहे."

"घट्ट तर तुझं डोकंही आहे."

त्यानंतर त्यानं बाटलीतलं कसलंसं औषध घालून बघितलं. ते काही त्यानं दाखवायला आणलं नाही. पण तेव्हापासून शेळी त्याच्याकडं जरा जपून बघायला लागली.

बाजार जवळ येत चालला. साहेबाच्या डोळ्यांखाली काळं आलं.

"माझं चुकतं कुठं, बाबा?"

"दह्याला दही लागतं, बेटा. चमचाभर. विरजण."

अंतासाहेब चिडला. चिडला की त्याचं मराठी फार शुद्ध व्हायचं.

"दह्यास दहीच लागत असेल, तर प्रथम दही कोठून उत्पन्न झाले?"

"ते तू सांगायचं. देव कसा आहे ते सांगायला तू आलायस. मी आपला गोधडी शिवतो."

…

"विरजण कोणत्या दुकानात मिळतं?"

"दुकानात नाही मिळत."

"मग?"

"ज्याच्या घरी आहे त्याच्या घरी."

"म्हणजे… मी मागायचं?"

फकिरानं शेजारचा आपला कटोरा उचलला, उपडा करून झटकला आणि साहेबाच्या हातात ठेवला.

साहेबाचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. पण त्याच्या डोळ्यांपुढं थोरल्या पाद्र्याचं कुलूप नाचत होतं. तो घरी गेला, काळा कोट घातला, गुंड्या लावल्या, केस बसवले आणि कटोरा घेऊन निघाला. या तयारीत संध्याकाळ झाली. घराघरांतून दिवे लागले होते.

पहिलं घर ठकूआत्याचं. ठकूआत्या म्हणजे एकटी राहणारी, पण अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं बोलणारी बाई.

"कृपा करून मजला किंचित विरजण प्रदान करावे."

आत्यानं शेजारणीकडं बघितलं. "काय म्हणतो गं हा?"

"विरजण मागतोय."

"अगं बाई. हा पण आपल्यासारखंच दही खातो?" मग ती त्याच्याकडं वळली. "दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत, सायेब. लक्ष्मी जाते. सकाळी या."

साहेब पुढच्या घरी गेला. तिथंही तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. पाटलीणबाईनं तर पदर तोंडाला लावून सांगितलं, कारण हसू आवरत नव्हतं. एव्हाना त्याच्यामागं अर्धं गाव चालत होतं. निंबखेड्यात तमाशा आला की तिकीट पडायचं. हा फुकट होता.

तो तरातरा ओट्यावर आला आणि कटोरा आपटला.

"माझी शोभा केलीत. भीक मागायला लावलंत, तीही मिळाली नाही."

"काय म्हणाले लोक?"

"सकाळी या म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? सगळेच म्हणाले."

"बरं… आणि आजपर्यंत तुला 'या' कोण म्हणालं होतं?"

अंतासाहेबानं आपटलेला कटोरा उचलला. पुसला.

मग तो ओट्यावर बसला. फकीर शिवत राहिला. 

सकाळी साहेबानं कोट घातला नाही. बाह्या वर करून तो ठकूआत्याच्या दारात उभा राहिला.

"आत्या, विरजण द्या ना."

हे मराठी तो कुणाकडून शिकला देव जाणे. पण आत्याला ते एका झटक्यात कळलं.

ती वाटीत विरजण काढून घेऊन आली आणि द्यायच्या ऐवजी वाटी छातीशी धरून उभी राहिली.

"दूध कुठाय?"

"घरी, चुलीवर. उकळतं आहे."

"उकळतं? उकळत्यात घालणार होतास?"

"मग?"

"कोमट लागतं."

"कोमट म्हणजे किती? माझ्याकडं ताप मोजायची नळी आहे."

"दुधाला ताप आलाय का? बोट बुडव. बोटाला कळतं." आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे विरजण माझ्या आईच्या घरचं आहे. लग्न होऊन आले तेव्हा आणलंय. सासू गेली, नवरा गेला, हे अजून मोडलं नाही. ते तुझ्या हातात देऊ आणि तू त्याचं मातेरं करशील? हो बाजूला."

तिनं पदर खोचला आणि वाटी घेऊन निघाली. भर गल्लीतून. पुढं आत्या, मागं साहेब. दारादारात माणसं उभी राहिली. आत्या कुणाकडं न बघता थेट दवाखान्याच्या उंबऱ्यातून आत गेली, बाकाला वळसा घालून चुलीपाशी पोचली आणि म्हणाली,

"हे पातेलं कुणी घासलं? की घासलंच नाही?"

पातेलं घासलं गेलं. दूध निवलं. आत्यानं डाव्या हाताचं बोट बुडवून बघितलं, विरजण घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं.

"कोपऱ्यात ठेव. हलवायचं नाही. झाकण काढून बघायचं नाही. प्रार्थना करायची तर लांबून कर."

साहेबाचं लक्ष दह्याकडं नव्हतं. आत्यानं एवढं सगळं डाव्या हातानं केलं होतं. उजवा हात पदराखाली होता.

"तो हात दाखवा."

"तू दह्याचं बघ."

"दाखवा तरी."

आत्यानं पदराखालून हात काढला. मग बाकावर बसली. बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं. कित्येक रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आलेच आहे तर बघ. पण मी औषधाला आलेली नाही, सांगून ठेवते."

"नाही, नाही. आपण दह्याला आला आहात."

त्यानं पातं उकळून घेतलं, बोट धुतलं आणि चीर दिली. आत्यानं एक शिवी दिली. ती नॉर्वेपर्यंत ऐकू गेली असणार. मग पू निघाला, ठणका उतरला, पट्टी बांधून झाली. आत्या बाकावर बसल्या बसल्याच झोपली आणि घोरायला लागली. साहेब तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिला. उठला तर ती जागी होईल म्हणून उठेना.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आत्यानं पट्टीचं बोट वर धरून सगळ्या गल्लीत फेरी मारली.

"साहेबाला दही लावता येत नाही गं, पण बोट कापता येतं."

मग काय विचारता. दही लागलं की नाही हे बघायला बाया आल्या. एकीला दही बघता बघता आपला कान ठणकतो हे आठवलं. दुसरीच्या सासूचे डोळे चिकटत होते. तिनं सासूलाच उचलून आणलं. "आमची म्हैस इकडं आली का?" असं विचारत उखर्डू पाटील आला, आणि आलोच आहे तर म्हणून दाढ दाखवली. दाढ तळहातावर ठेवल्यावर पाटील म्हणाला, "मग कधी काढणार?"

त्याच दिवशी बाजार होता. थोरला पाद्री टांग्यातून उतरला, खिशातलं कुलूप चाचपत दवाखान्यापाशी आला, आणि त्याला दार दिसेना. दारापुढं माणसंच माणसं.

"आत जाऊ द्या," तो म्हणाला.

उंबऱ्यात ठकूआत्या बसली होती. "मागं उभा राहा, सायेब. दुखतंय काय?"

"काही दुखत नाही."

"मग तर शेवटी उभा राहा."

सगळ्या जिल्ह्याला धाकात ठेवणारा तो माणूस, टोपी काखेत धरून, कान ठणकणाऱ्या बाईच्या मागं उभा राहिला. पुढं सरकत सरकत आत पोचला, तेव्हा अंतासाहेब कुणाच्या तरी घशात बघत होता. मान न वळवता म्हणाला, "पुढचा."

…

मग त्यानं वर बघितलं आणि चमचा त्याच्या हातून पडला.

थोरल्या पाद्र्यानं खोली बघितली. बाकावर माणसं, जमिनीवर माणसं, खिडकीत माणसं.

"हे कसं केलंस?"

"दही लावलं."

पोराला ऊन बाधलं, असं थोरल्याला वाटलं. पण तो शहाणा होता. खिशातलं कुलूप त्यानं खिशातच ठेवलं.

"औषधं पुरणार नाहीत," तो म्हणाला. "आणखी दोन पेट्या पाठवतो. आणि एक बाक."

बाहेर ही बातमी फुटली तशी कुणीतरी शिट्टी मारली. पाटलानं गालावर फडकं धरून, नीट बोलता येत नसताना, छोटंसं भाषणही केलं. कुणाला कळलं नाही, म्हणून सगळ्यांना आवडलं.

अंतासाहेबानं कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं झाकण काढलं. दही असं लागलं होतं, की वाटीत घेऊन वाटी तिरकी केली तरी ढळेना. ती वाटी दोन्ही हातांत धरून तो निघाला. भर बाजारातून, मिरच्यांच्या ढिगांमधून, ताठ मानेनं. मागं ठकूआत्या, पाटील, बाया, म्हाताऱ्या, आणि काय चाललंय ते न कळलेला थोरला पाद्री.

पिराच्या ओट्यापाशी सगळे थांबले.

"बाबा, आता दवाखान्यात नाही आलात तरी चालेल. बसायला जागा नाही." साहेबाचा चेहरा नुसता फुलला होता. "पण ठरलं होतं ते मी पुरं केलं. घ्या. माझ्या घरचं दही. माझ्या हातचं."

ठकूआत्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. फकिरानं तिच्याकडं बघितलं. ती गप्प बसली. हे निंबखेड्यात पहिल्यांदाच घडलं.

फकिरानं गोधडी बाजूला सारली. वाटी हातात घेतली. तिरकी केली. नाकाशी नेली. आवंढा गिळला.

"तुझं दही?"

"माझं."

"नक्की?"

"नक्की, बाबा. खा ना."

फकिरानं वाटी अलगद त्याच्या हातात परत ठेवली.

"यातलं तुझं तेवढं वेगळं काढून दे. तेवढंच खातो."