ठकूच्या करकरत्या वहाणा

लई वर्षं झाली. माझ्या आजीच्या आजीनंही डोळ्यांनी पाहिलं नाही, तेव्हाची ही गोष्ट. करंजवाडीच्या वेशीबाहेर ठकू नावाची चांभारीण राहायची. तिच्या हातच्या वहाणा अशा करकरायच्या, की पाटील घरून निघाला की चावडीवरची माणसं आवाजानंच उठून उभी राहायची. पण वेशीबाहेरच्या माणसानं गावात शिरताना आपल्या वहाणा काढून डोक्यावर घ्यायच्या, असा रिवाज. ज्यांनी शिवल्या त्यांनीसुद्धा.

एका वैशाखात ठकूची सून राही, दिवस भरत आलेली, भर दुपारी गावात गेली. चावडीपुढची फरशी तव्यासारखी तापलेली. राही पोळून पडली आणि बाळ पोटातच गेलं. उचलायला चावडीवरून कुणी उतरलं नाही.

ठकू रडली नाही, असं म्हणतात. ती आरी घेऊन बसली आणि वहाणा शिवत सुटली. पहिला जोड तिनं मांगवाड्यात दिला. तिचीच भावकी चिडली.

"अगं, त्यांच्या पायाचं माप घेतलंस? बाटलीस की!"

"घेतलं," ठकू म्हणाली. "तुझ्यासारखाच पाय आहे. फोडही तसेच."

मग महारवाडा झाला, मग चांभारवाडा. ज्या घरांनी एकमेकांचं पाणी कधी घेतलं नव्हतं, त्या सगळ्यांच्या पायात एकाच हाताचे टाके आले.

आणि सगळे गावात चावडीकडे निघाले, वहाणा पायात घालून.

"आत्याबाई, मला भ्या वाटतंय," राही म्हणाली.

"मलाबी वाटतंय. चाल."

पहिल्या दिवशी दगड आले, डोकी फुटली, माणसं मागं फिरली. दुसऱ्या दिवशी फुटक्या डोक्याचे पुढे झाले, आणि त्यांच्यामागं शेजारच्या गावांचे वेशीबाहेरचेही आले. तेव्हा अशी करकर उठली, की देवळावरची पारवी उडाली, गुरांनी दावी तोडली, घराघरांत माठातलं पाणी थरथरलं. दगड घेऊन वर गेलेले हात वरच राहिले, काही केल्या खाली येईनात, असं म्हणतात.

पाटील चावडीवरून ओरडला, "ठकू, वहाण काढ!"

"काढते की. आधी तुम्ही अनवाणी खाली या."

पाटील तोऱ्यातच उतरला. फरशीवर पाय टेकला आणि एवढा मोठा गडी "आई गं!" करून उडाला. कुणी हसलं नाही. त्यानं राहीकडे पाहिलं, तिच्या रित्या पोटाकडे पाहिलं, आणि वाट सोडून बाजूला झाला. तेव्हा कुठे ते हात खाली आले.

एका दिवसात रिवाज मेला असं समजू नका, बाळांनो. मिरगाचा पाऊस लागेपर्यंत ते रोज चालले, आणि रोज कुणीतरी शिव्या दिल्याच. पण दगड उचलायला हात उठला नाही.

आजही करंजवाडीत नवी सून आली, मग ती कुठल्याही घरची असो, की तिला करकरत्या वहाणा घालून चावडीपुढून चालवतात. चावडीवर कुणी बसलेलं राहत नाही. आणि करकर हळू झाली, तर म्हाताऱ्या बाया तिला वेशीपर्यंत माघारी धाडतात.

"पुन्हा चाल, पोरी. ठकूला ऐकू गेलं नाही."