वैदिणीचं अळणी ताट

फार पूर्वी, सातासमुद्रांपलीकडे ॲमेझॉन नावाच्या महानदीच्या काठी, दाट रानात एक वाडी होती. नदी इतकी रुंद, की पलीकडचा काठ म्हणजे नुसती काळी रेघ. त्या वाडीत एक म्हातारी वैदीण राहायची. जिभेची तिखट, पण हाताची गुणी.

त्या रानात एक वेल होती, दोरखंडासारखी पीळ पडलेली. ती ठेचायची, एका झुडपाचा पाला घालायचा आणि दिवसभर उकळत ठेवायची, की कडूजहर काढा तयार व्हायचा. मनाला लागलेलं जड दुखणं असलं, की वैदीण तो काढा घोटभर पाजायची आणि माणूस पुन्हा भानावर येईपर्यंत उशाशी बसून गाणी म्हणायची. वेल कापायच्या आधी तिची रजा घ्यायची आणि कापली की एक कांडं परत मातीत खोचायचं, असा तिथला रिवाज होता.

त्याहून मोठा रिवाज पथ्याचा. आठ दिवस मीठ नाही, तिखट नाही, गोड नाही. उकडलेली कच्ची केळी आणि निखाऱ्यावर भाजलेला मासा, बस. आणि हे पथ्य एकट्या रोग्याला नव्हतं. पाजणारीलाही होतं. रोगी अळणी, तर वैदीणही अळणी. तिच्या गुरूनं तिला सांगून ठेवलं होतं, की वेल आधी पाजणाऱ्याचं तोंड चाखते, मग पिणाऱ्याचं. म्हातारीचं अर्धं आयुष्य असं अळणी गेलं होतं. वाडीतली माणसं थट्टेनं म्हणत, हिची जीभ एवढी तिखट ती उगाच नाही, जेवणात न पडलेलं सगळं तिखट तिथंच साठलंय.

तिच्याकडे एक माणूस शिकायला आला. देखणा, गोड गळ्याचा. दोन महिने राहिला, तिची सगळी गाणी पाठ केली, काढा कसा करतात ते पाहिलं आणि म्हणाला, आता आलं मला. वैदिणीनं सांगितलं, बाबा रे, ही गाणी माझी आहेत, तुझं गाणं तुला पथ्यात बसल्यावर सापडेल. तो हसला आणि खाली बंदरावर निघून गेला.

तिथं त्यानं मोठा मांडव घातला. डोक्यावर पोपटाच्या पिसांचा मुकुट, गळ्यात रानवाघाच्या दातांची माळ. लोक त्याला महाराज म्हणू लागले. पथ्याचं नाव नाही. आज या, आज प्या, आजच बरे व्हा. आणि लोकांनाही तेच हवं होतं. चाळीस-चाळीस माणसं एका पंगतीला बसायची आणि महाराज भरपेट जेवून पाजायला उठायचे.

एवढ्या माणसांना काढा पुरणार कुठून? महाराजांची माणसं कोयते घेऊन रानात शिरली. रजा नाही, कांडं परत खोचणं नाही, वेली मुळासकट उपटून नेल्या. पूर्वी जी वेल दारातून दिसायची, ती आता दोन दिवस चाललं तरी दिसेना. रानभर मिळून एकच उरली, म्हातारीच्या गुरूनं तिच्या दाराशी लावलेली.

म्हातारी बंदरावर गेली आणि भर मांडवात महाराजांच्या नावानं खडे फोडून आली. लोक म्हणाले, शिष्याचं नाव झालं म्हणून थेरडीच्या पोटात दुखतंय.

त्याच वाडीत एक नावाडी होता. त्याची लहानगी पुरात वाहून गेली आणि त्या दिवसापासून त्याच्या बायकोची वाचा बसली. तीन महिने झाले, ती बोलेना, रडेना, भरवलं तर दोन घास खाई. अशानं ती जगणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. नावाडी वैदिणीकडे आला. तिनं आठ दिवसांचं पथ्य सांगितलं आणि म्हणाली, तुझ्याही ताटात मीठ नको, एका चुलीवर दोन चवी शिजत नाहीत. नावाडी चुळबुळला. दिवसभर वल्ही मारायची, अळणी खाऊन हातात बळ कुठून येणार? दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन बंदरावर गेला.

चाळीस जणांच्या पंगतीत तिलाही वाटी मिळाली. घटकाभरानं तिला पाण्यात आपली लेक दिसू लागली. ती उठली आणि सरळ नदीत चालत गेली. महाराज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला डोळे मिटून पाठ केलेलं गाणं म्हणत होते. त्यांना पत्ताही नाही. नावाड्यानं उडी घेतली आणि तिला केसांना धरून बाहेर ओढलं. तो जाब विचारायला गेला, तर महाराज म्हणाले, हिची पापं मोठी आहेत, आणखी तीनदा आण.

तसाच भिजलेला नावाडी तिला घेऊन वैदिणीच्या दारात आला. म्हातारीनं त्याला आत येऊ दिलं नाही. उंबऱ्यावरच उभा केला.

"चिमूटभर मीठ सोडवेना तुला," ती म्हणाली, "आणि बायको सोडायला निघाला होतास?"

आजपासून सोडलं, म्हणून नावाड्यानं कबूल केलं. मग म्हातारीनं दोघांना आत घेतलं, घरातलं मीठ बाहेर नेऊन ठेवलं आणि तिघांची केळी एका भांड्यात उकडायला घातली. काढा तिनं दिलाच नाही. भेदरलेल्या माणसाला कडू पाजत नाहीत, आधी माणसात येऊ दे, म्हणाली. रोज सकाळी पाला घातलेल्या पाण्यानं नावाड्याच्या बायकोला न्हाऊ घालायची आणि तिचा हात हातात धरून गात बसायची. सहा दिवस गेले. बाई आपल्या हातानं खाऊ लागली होती, पण तोंडातून शब्द नव्हता.

सहाव्या दिवशी महाराज आपल्या होडीतून आले. मुकुट नव्हता, घाम मात्र होता. रानातली वेल संपली होती, मांडवात माणसं खोळंबली होती. त्यांनी हात जोडले. "गुरुमाय, तुमच्या दारची वेल मला द्या. म्हणाल ते पथ्य पाळतो."

म्हातारीच्या मनात आलं, याच्यावर कुत्री सोडावीत. पण पथ्याला बसतो म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हा गुरूचा शब्द होता. ती म्हणाली, "आठ दिवस तुला सांगत नाही. आमचे दोन उरलेत, तेवढे अळणी बस. वेल तुझी."

नावाडी हबकला. महाराजांना मात्र हसू आवरेना. दोन दिवस म्हणजे काय, चुटकीसरशी जातील.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते अंघोळीला म्हणून नदीवर गेले. होडीत खारवलेल्या मासळीचं मडकं होतं. दोन तुकडे खाल्ले, वाळूनं तीनदा हात घासले, पाला चघळला आणि शहाण्या माणसासारखे परत आले.

आठवा दिवस मावळायला आला. महाराजांनी कोयता उचलला आणि ते वेलीशी गेले. नावाड्याची बायको वेलीला टेकून बसली होती. ती उठेना, म्हणून त्यांनी तिचा खांदा धरून तिला बाजूला सारलं. तिनं तो हात दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि सोडलाच नाही. आठ दिवस अळणी राहिलेल्या नाकापासून काय लपतं?

"मासळी," ती म्हणाली. तीन महिन्यांनी फुटलेला आवाज फाटका होता. "खारी मासळी. त्या दिवशी मला वाटी दिलीस, तेव्हाही तुझ्या हाताला हाच वास होता."

महाराज पुटपुटले, की एकच तुकडा होता. म्हातारीनं त्यांच्या हातातला कोयता काढून घेतला.

"दोन दिवस जीभ आवरली नाही तुला. चाळीस जणांचे जीव ओंजळीत धरतोस कसा रे? जा, महाराज. जेवा पोटभर."

महाराज गेले. नावाड्यानं मग घाटाघाटावर होडी लावून, काय घडलं ते आपल्या चुकीसकट सगळ्यांना सांगितलं. मांडव ओस पडला, आणि पुढच्या पुरात त्याचे खांबही वाहून गेले.

त्या संध्याकाळी म्हातारीनं मीठ आत आणलं आणि पहिली चिमूट नावाड्याच्या बायकोच्या जिभेवर ठेवली. ती चव लागताच बाई लेकीचं नाव घेऊन धाय मोकलून रडली. म्हातारी तिला गप्प बस म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी दोघींनी वेलीची रजा घेतली, तिची कांडी कापली आणि उजाड रानात खोचायला निघाल्या. म्हातारीचा राग उतरला नव्हता. वाटभर ती महाराजांना आणि त्यांच्या पंगतीला बसणाऱ्यांना शिव्या देत होती, आणि बाई तिला एकेक शिवी सुचवत होती.

तात्पर्य: जो स्वतःच्या ताटातलं मीठ सोडत नाही, त्याच्या हातचं औषध घेऊ नये, आणि ज्याला आजच्या आज बरं व्हायचं असतं, त्यानं फसल्यावर भोळेपणाचा आव आणू नये.