अंबाडीच्या दोराची कहाणी

ऐका ऐका, विहिरीतल्या साती आसरांनो, तुमची कहाणी. सांगणारीनं शब्द गाळू नये, ऐकणारीनं मधेच उठू नये.

एक होतं आटपाट नगर. नगराला राजा होता, राजाला राणी होती, आणि राणीच्या गळ्यातल्या मोत्यांना आवडा होती. आवडा कोण? तर राजवाड्यातली पटवेकरीण. मोती ओवावे, रेशमाच्या दोऱ्या वळाव्या, दोऱ्यांना गोंडे लावावे, हे तिचं काम. राणी म्हणाली, हार सैल हवा, की आवडानं मारलेली गाठ अलगद सरके. राणी म्हणाली, घट्ट हवा, की तीच गाठ उलटी सरके. तिच्या सरकगाठीचं नाव सगळ्या मुलखात झालं होतं. बसायला गादी होती, हाताखाली दासी होत्या. कानशिलापाशी केस पांढरे होईतो तिनं हेच केलं.

पण तिला अन्न गोड लागेना. सकाळी हार ओवावा, संध्याकाळी राणीनं तोडावा. का तोडला? तर रंग नावडला. मग पुन्हा ओवावा, पुन्हा तोडावा. घरी आली की घास तोंडात फिरे. सून मंजुळा गुणाची होती. ती म्हणे, “आत्याबाई, भाजीत मीठ कमी आहे का?” आवडा म्हणे, “मीठ बरोबर आहे गं. माझ्याच जिभेला काही झालंय.”

एके दिवशी काय झालं? आवडा घराकडे निघाली होती. खालच्या आळीच्या विहिरीवर बायका जमल्या होत्या. दोर तुटला होता, घागर बुडाली होती. कठड्यावर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं नेसलेली, केस ओले, पाय उघडे. हातात दोराची दोन टोकं. आवडाला म्हणाली, “बाई, तुला गाठ येते का?”

“येते तर. राणीच्या मोत्यांना मारते.”

“मग आज तहानेला मार.”

आवडा हसली. खाली बसली, दोर जोडून दिला. दुसरी घागर वर आली. एका लहान पोरीनं ओंजळ लावली, घटाघटा पाणी प्याली, ओल्या हातांनी आवडाचे गाल धरले आणि पळाली. त्या दिवशी आवडा घरी आली, भाकरी खाल्ली. भाकरी गोड लागली.

मग ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. म्हातारी तिथंच होती. आवडानं विचारलं, “आजी, हे कोणाचं काम?”

“हा वसा आहे, बाई. घेशील?”

“घेतला तर काय करावं?”

“अंबाडी भिजवावी, सडकावी, वळावी. दर शुक्रवारी विहिरीचा दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून काढावा. डोळ्यांवर विसंबू नये, बोटांनी बघावा. झिजला असेल तिथंच बसून सांधावा. नवा दोर केला तर आधी आपला भार त्यावर घालावा, मग दुसऱ्याला धरू द्यावा. घेतला वसा खाली ठेवू नये, दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.”

“त्यानं काय होतं?”

“घागर वर येते,” म्हातारी म्हणाली. “आणखी काय व्हायला हवं?”

आवडानं राजवाड्याची गादी सोडली. घरी गोंधळ झाला. नवरा म्हणाला, “अगं, या वयात माणसं पायरी चढतात, तू उतरतेस? गुरांचे दोर वळणार?” नणंद म्हणाली, “रेशमाची आवडा आता अंबाडीची आवडा झाली. उद्या केरसुण्या बांधशील!” आवडा म्हणाली, “कोणाला लागल्या तर बांधीन.” पहिल्या दिवशी तळहात सोलले. दुसऱ्या दिवशी फोड आले. तिसऱ्या दिवशी फोड फुटले. मग हात घट्ट झाले, झोप गाढ झाली, अन्न गोडच लागत राहिलं. बायकांच्या गप्पा ऐकाव्या, दोर वळावा, असे दिवस चालले.

पुढं काय झालं? राजकन्येचं लग्न निघालं. मंडपात झोपाळा बांधायचा होता. झोपाळ्याला रेशमी दोर, दोरांना मोत्यांचे गोंडे. राणीनं आवडाला बोलावणं धाडलं, विडा आला. आवडा गेली नाही. पुन्हा धाडलं, पैठणी आली. आवडा गेली नाही. मग तिसऱ्या खेपेला राणीच दारात आली. म्हणाली, “आवडा, लेक माझी एकदाच सासरी जायची. तुझ्यासारखे हात दुसरे नाहीत. लग्नापुरती ये.”

राणी दारात उभी. आळीतले सगळे बघताहेत. आवडाचं मन फुललं. ती म्हणाली, “लग्नापुरतीच हं,” आणि गेली.

पहिला शुक्रवार आला. आवडा धावत विहिरीवर आली, दोराला हात लावल्यासारखं केलं, धावत परत गेली. दुसरा शुक्रवार आला. आवडानं सुनेला निरोप धाडला, “तूच जरा बघ गं.” मंजुळेनं डोळ्यांनी बघितला. डोळ्यांना काय दिसणार? तिसरा शुक्रवार आला. आवडाला वाटलं, दर शुक्रवारची ही कटकट नको. तिनं उरलेल्या रेशमाचा जाड दोर वळला. लाल, हिरवा, पिवळा. टोकाला आपली नामांकित सरकगाठ मारली, गोंडा लावला, आणि दासीबरोबर विहिरीवर धाडला. “जुना काढा, याचा फास विहिरीच्या खांबात अडकवा. हत्ती बांधला तरी तुटायचा नाही.”

खोटं नव्हतं. दोर तुटणारा नव्हताच. पण आवडानं त्यावर आपला भार घातला नव्हता.

भर उन्हाळा होता. विहीर आटली होती. तळाला नुसता खडक, आणि अर्ध्यावर एका कपारीत झऱ्याची धार करंगळीएवढी. रोज एकीनं कमरेला दोर बांधून कपारीपर्यंत उतरावं, लोंबकळत वाटीवाटीनं घागर भरावी, मग बाकीच्यांनी तिला ओढून घ्यावं. असं चाललं होतं.

इकडे राजवाड्यात झोपाळा टांगून झाला. मोत्यांचे गोंडे झळकले. राणी म्हणाली, “वा!” दासी म्हणाल्या, “वा!” राजकन्या मोठी खट्याळ. ती म्हणाली, “छे बाई, मी नाही आधी बसायची. पडले तर? आवडामावशी, आधी तुम्ही बसा.”

आवडा हसत बसली. एक झोका गेला. दुसरा झोका गेला. तिसऱ्या झोक्याला गाठ सुळकन सरकली, आणि आवडा गोंड्यांसकट खाली आली.

सगळ्या हसल्या. राजकन्या पोट धरून हसली. आवडा तेवढी हसली नाही. तिनं सुटलेलं टोक हातात घेतलं. हीच गाठ विहिरीवर गेली होती.

ती उठली. राणी म्हणाली, “कुठं निघालीस? वऱ्हाड वेशीशी आलंय.”

“राणीसाहेब, विहिरीवर जाते.”

“आज या दारातून गेलीस तर पुन्हा हे दार तुला नाही.”

आवडा गेली. पायांत वहाणाही घातल्या नाहीत.

वाटेत गवळण भेटली. “अगं बाई, विहिरीचा दोर बघितलास?” “बघितला की! मोराच्या पिसाऱ्यासारखा दिसतो.” आवडा धावली. पुढं कुंभारीण भेटली. “अगं बाई, विहिरीत कोणी उतरलंय?” “आज कोणी उतरायचं, त्यावर वाद चाललाय. नवा दोर, सगळ्यांनाच उतरायचंय!” आवडा आणखी धावली. पुढं परटीण भेटली. “अगं बाई, कोण उतरलं?” “तुझीच सून. म्हणाली, माझ्या आत्याबाईंचा दोर आहे, पहिला मान माझा.”

आवडाच्या तोंडचं पाणी पळालं.

विहिरीवर पोचली तर बायका सावलीला गप्पा मारताहेत. दोर खांबाला अडकवलेला, ओला, झळकणारा. गाठ बोटभर सरकली होती. तिच्या डोळ्यांदेखत आणखी बोटभर सरकली. टोकाला वीतभर रेशीम उरलं होतं.

“गिरजाक्का, पदर हाताला गुंडाळा आणि हा दोर धरा. ओरडू नका.”

गिरजाक्का आळीतली सगळ्यांत थोरली. तिनं तोंड उघडलं, आवडाचा चेहरा बघितला आणि मिटलं. तिघींनी दोर धरला. ओलं रेशीम, मासळीसारखं निसटतं. धरलं तरी सरकतच होतं, फक्त सावकाश.

आवडा कठड्यावर पालथी पडली. आवाज मऊ केला. “मंजुळे.”

“आत्याबाई! तुम्ही कशा? लग्न झालं?”

“होतंय. तू असं कर. घागर सोड, आणि दोन्ही हातांनी कपार धर.”

“सोडू? अर्धी भरलीय! राजवाड्यात राहून पाण्याची किंमत विसरलात का?”

“विसरले गं बाई. सगळंच विसरले. तू कपार धर.”

मंजुळेला काय कळायचं ते कळलं. खाली खडकावर घागर फुटल्याचा आवाज आला. मग तिचा बारीक आवाज आला, “धरली.”

“जुना दोर कुठाय?” आवडानं विचारलं.

“माझ्या म्हशीला बांधलाय,” गिरजाक्का म्हणाली. “जा गं कोणीतरी, सोडा त्या सटवीला!”

दोर आला. आवडानं डोळे मिटले, दोर हातातून काढला. मधोमध बोटं थांबली. तिथं झिजला होता. दोन शुक्रवार मागं बघितला असता तर सांधता आला असता. आता अंबाडी भिजवायला वेळ कुठला? तिनं झिजलेली जागा दुमडली, गाठीच्या पोटात घेतली, दोन्हीकडून आवळली. मोत्यांनी शिकवलेली बोटं तिथं कामाला आली. मग एक टोक खांबाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला.

“अगं, जुना आहे तो!” गिरजाक्का म्हणाली.

“म्हणूनच आधी मी,” आवडा म्हणाली, आणि दोर दोन्ही हातांनी धरून कठड्यावरून खाली सुटली.

दोर ताणला. गाठ कुरकुरली. आवडा मनात म्हणाली, आसरामातांनो, माझी चूक माझ्या पदरात, लेकराच्या नको. एक हात उतरली. दोन हात उतरली. गाठ धरून राहिली. कपारीशी पोचली, झऱ्याखालच्या दगडात पाय रोवला, सुनेला छातीशी धरलं. त्याच घटकेला वरून गिरजाक्का ओरडली, “सुटला!” रेशमाचा दोर त्यांच्या पाठीवरून सळसळत गेला, मंजुळेच्या कमरेपासून खाली लोंबत राहिला. लाल, हिरवा, पिवळा.

मंजुळेनं आत्याबाईंचा पदर मुठीत धरला.

मग आवडानं आपल्या कमरेचा दोर सोडला, सुनेच्या कमरेला बांधला. साधी गाठ, दुहेरी. “ओढा!” बायकांनी ओढली. मंजुळा वर गेली.

आवडा एकटी कपारीत राहिली, दोरावाचून. तिनं पाठ खडकाला टेकली. तेवढ्यात खडकातून आवाज आला, त्या ओल्या केसांच्या म्हातारीचा.

“आवडे, गादी देऊ?”

“नको, आई.”

“मोती देऊ?”

“नको, आई.”

“मग काय देऊ?”

“माझ्या सुनेनं अर्धी घागर टाकली माझ्यापायी. तेवढं पाणी दे. आणि शुक्रवार विसरू नये अशी बुद्धी दे.”

दोर खाली आला. पाठोपाठ गिरजाक्काची घागर आली. करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली होती. घागर बघता बघता भरली. आधी घागर वर गेली, मग आवडा वर आली.

वर येऊन बघते तर कठड्याशी राजकन्या, मुंडावळ्यांसकट. मागून राणी, रागानं लाल. राजकन्या म्हणाली, “आईसाहेब, मी पडले असते. झोपाळ्याचा दोर मला आवडामावशींकडूनच हवा, त्या आधी आपला भार घालून बघतात.” राणी उन्हातून आली होती, घसा सुकला होता. मंजुळेनं तांब्या भरून दिला. राणी प्याली. राग ओसरला. हळूच म्हणाली, “आवडा, दार उघडंच आहे.”

“राणीसाहेब, झोपाळ्याला दोर देते. पण इथं बसून वळीन, अंबाडीचा देईन, आणि आधी मी बसेन.”

तसंच झालं. मोत्यांच्या गोंड्यांत अंबाडीचा दोर लागला, आणि राजकन्या निर्धास्त झोके घेत सासरी गेली. आवडा संध्याकाळी कठड्यावरच जेवली. मंजुळा म्हणाली, “आत्याबाई, आज घाईत भाजीत मीठच घातलं नाही.” आवडा म्हणाली, “असू दे. गोड लागतंय.”

हा वसा कधी घ्यावा? हात रिकामे वाटतील तेव्हा घ्यावा. वयाची लाज धरू नये, कामाची लाज धरू नये. उद्यापन कसं करावं? सात जणींना पाणी पाजावं, विहिरीला दोर वाहावा, आधी आपण धरून बघावा.

आवडाला जशा आसरा पावल्या, तशा तुम्हांआम्हांला पावोत. कोणाची घागर रिकामी येऊ नये, कोणाची गाठ सरकू नये, सगळ्यांना आपल्या हातचं अन्न गोड लागो. साठ उत्तरांनी सांगायची ती पाच उत्तरांत आवळून बांधली; सुफळ झाली, संपूर्ण झाली.