आलं का? आलं!

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्हीही कान देऊन ऐका. एका डोंगरी गावात एक पाठशाळा होती. वर्षानुवर्षं शिकूनही तिथल्या मुलांना साधी बेरीज जमेना. राजा वैतागला. म्हणाला, "बंद करा ती शाळा आणि तिथे घोडे बांधा!"

पण राजाच्या दिवाणजींना ते पटेना. पंचक्रोशीत दुसरी शाळा नव्हती. ही गेली की पोरं जन्माची अडाणी राहणार. त्यांनी राजाकडे मुदत मागितली आणि मुलांना का येत नाही ते शोधायला तीन पंडित धाडले.

पंडित परतले. पहिला नुसता बघणारा. तो म्हणाला, "गुरुजी विचारतात, 'आलं का?' मुलं एका सुरात ओरडतात, 'आलं!' शाळा उत्तम आहे."

दुसरा पाट्या तपासणारा. "कसलं उत्तम? एक गणित धड नाही. मुलंच ढ आहेत."

तिसरा मुलांशी गप्पा मारणारा. "ढ कुठली? चांगली चुरूचुरू बोलतात. पण शाळेचं नाव काढलं की गप्प. गुरुजींचा धाक असणार."

दिवाणजींनी कपाळावर हात मारला. तरी तिघांचं म्हणणं एकत्र बांधून राजाला सांगितलं, की शाळा उत्तम आहे, मुलं ढ आहेत आणि गुरुजींचा धाक फार आहे.

"दिवाणजी, भांग घेऊन आलात की काय?" राजा कडाडला. "परवा घोडे निघतील!"

मग मात्र दिवाणजी पंडितांवर भडकले. "अहो शहाण्यांनो, एकाच शाळेत गेलात ना? मग एकमेकांना एका शब्दाने विचारलंत का? ह्यांना 'आलं' ऐकू येतं, त्यांना पाटीवर काही दिसत नाही. मग हे 'आलं' आहे तरी काय? ज्याला मुलांशी बोलता येतं त्याने तेच विचारायला नको? बसा गाडीत! मीही येतो."

शाळेत तिसऱ्या पंडिताने मुलांना जवळ घेतलं. "बाळांनो, पाटीवर तर काहीच येत नाही. मग 'आलं' का म्हणता?"

मुलं 'तू सांग, तू सांग' म्हणत एकमेकांना ढोसू लागली. शेवटी एक परकरी पोर म्हणाली, "'नाही आलं' म्हटलं की गुरुजी पहिल्यापासून सांगतात. मग त्यांना धाप लागते, खोकून खोकून जीव नकोसा होतो. आम्हाला बघवत नाही."

बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गुरुजींनी हे ऐकलं. "आणि मला वाटायचं, मी फार छान शिकवतो," असं म्हणून ते उपरण्याने डोळे पुसू लागले.

दिवाणजींनी राजाला हे सगळं सांगितलं. राजाने घोड्यांचा बेत रद्द केला. मग त्याने गुरुजींच्या हाताखाली एक तरुण शिक्षक दिला. पुन्हा पुन्हा समजावायचं काम त्याचं. शाळा वाचली आणि मुलं बेरजा करू लागली, चुकत चुकत का होईना.

सांगायचं ते एवढंच: चार जणांची मतं नुसती एकत्र बांधून खरं हाती लागत नाही, ती जिथे जुळत नाहीत, तिथेच जाऊन विचारावं लागतं.