शेट्यांच्या दुकानातला दुसरा तराजू

सकाळचे सव्वासात. मंगळवारचा बाजार अजून भरायचा होता, तेव्हाची ही गोष्ट, असे सांगतात.

बोरखिंडीतले शेट्यांचे दगडी दुकान तुम्ही बघता आहात ना, त्यात दोन तराजू टांगलेले आहेत. आतल्यावर माल मोजतात. दाराजवळच्यावर काहीच विकत नाहीत. त्याचे कारण सुंदरा नावाची धनगरीण.

तिची दोन लेकरे गेली होती. तिसरे चार महिन्यांचे, पण अंग धरत नव्हते. दर बाजारी ती त्याला दुकानात आणून गुळाच्या ढेपेपुढे तोलून घ्यायची. दोन आठवडे लेकराचे पारडे वरच जात राहिले. काळजीने तिचे जेवण सुटले, जेवण सुटले तसे दूधही आटले.

तिसऱ्या मंगळवारी, त्या सव्वासातला, दुकानाचे मालक शिवलिंगाप्पा शेटे देवपूजेत होते. त्यांच्या बायकोने, नीलव्वाने, लेकराच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवला.

"बघ गं, भरलं की!"

"खरंच, अक्का?"

"तराजू काय माझा भाऊ लागतो खोटं बोलायला?"

सुंदरा हसली. तिथेच बसून तिने दोन भाकरी खाल्ल्या. चार दिवसांत तिला दूध आले म्हणे. पुढच्या बाजारी नीलव्वाने निम्मी चिंच काढली, तरी पारडे खालीच राहिले.

पण पारडे पुसताना उरलेली चिंच शेट्यांच्या हाताला लागली. तराजू खोटा निघाला तर दुकान बंद करीन, अशी शपथ त्यांनी दुकानाचा पाया घालताना घेतली होती. त्यांनी दाराला कडी घातली.

"माझ्या तराजूला चिंच?"

"मीच लावली. माल मोजताना लावली असती तर खुशाल बंद करा. मी आई मोजत होते."

शेटे दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिले. मग उठून मालासाठी दुसरा तराजू आणायला तालुक्याला गेले. पुढच्या मंगळवारी एक परकी बाई वाळलेले पोर घेऊन आली, तेव्हा चिंचेच्या मडक्यात पहिला हात शेट्यांचाच गेला, असे म्हणतात.

आजही मंगळवारी दुकान उघडायच्या आधी दाराजवळ आयांची रांग लागते. खरे वजन अंगणवाडीत होतेच, डॉक्टरही बघतात. ते चुकवू नयेच. पण आकडा ऐकून आल्यावर रात्रभर लेकराच्या छातीवर हात ठेवून जागणारीला इथे बरे वाटते.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला एवढे सांगा. मंगळवारी सातच्या आत ये, आधी पोटभर जेव, आणि पारड्याखाली वाकून बघू नको.